हृदयाला छिद्र असलेलं बाळ वाढवताना: नव्या आईबाबांसाठी

आमची मुलगी सहा आठवड्यांची असताना टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अंधाऱ्या खोलीत डॉक्टर म्हणाले, "व्हीएसडी आहे, मोठा आहे." आम्ही बार्शीला घरी पोहोचेपर्यंत 'काळजाला भोक आहे' ही बातमी नातेवाइकांत सगळीकडे गेली होती. सातव्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं. आता ती साडेपाच वर्षांची आहे. मधल्या काळात चुकतमाकत जे कळलं ते क्रमाने सांगते. डॉक्टरांच्या दोन भेटींच्या मधे जे दिवस आणि ज्या रात्री घरात काढाव्या लागतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उपचार ठरवायचे ते डॉक्टरांनीच.

सगळ्यात आधी, आईसाठी

"ग्रहणात काही चिरलंस का?" हा प्रश्न मला तीन जणींनी विचारला. तुम्हालाही कोणीतरी विचारेल. बाळाचं हृदय गर्भारपणाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. त्यातल्या निम्म्या काळात तर दिवस गेलेत हेही पक्कं कळलेलं नसतं. हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत एक नेमकं कारण सापडत नाही. गर्भारपणातला अनियंत्रित मधुमेह, काही औषधं, रुबेला, नात्यातलं लग्न, घरात आधी कोणाला असणं यांनी शक्यता वाढते. म्हणून हे सगळं डॉक्टरांना न लाजता सांगा. पपई, ग्रहण, जिना चढणं यांचा काही संबंध नाही. हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आम्ही सासूबाईंना मुद्दाम पुढच्या भेटीला बरोबर नेलं. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मला पाठबळ मिळालं.

रिपोर्टवरचं नाव नीट समजून घ्या

'होल आहे' एवढ्यावर घरी येऊ नका. दोन खालच्या कप्प्यांमधलं छिद्र म्हणजे व्हीएसडी, वरच्या दोन कप्प्यांमधलं एएसडी. गर्भात उघडी असणारी आणि जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नळी उघडीच राहिली तर पीडीए. शिवाय टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, महाधमनी अरुंद असणं, मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असे गुंतागुंतीचे प्रकार आहेत. रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या बाळाचं ऑपरेशन बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच करावं लागतं. तिथे घरी वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही. उलट नवजात बाळाच्या रिपोर्टवर नुसतं 'पीएफओ' लिहिलेलं असेल तर घाबरू नका. ती गर्भातली खिडकी असते, बहुतेकांची आपोआप मिटते.

एक गोष्ट आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. मोठा व्हीएसडी असलेलं बाळ पहिला महिना अगदी छान दिसू शकतं. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त तिकडे जात नाही. हा दाब उतरला की जास्तीचं रक्त फुप्फुसांत घुसायला लागतं आणि चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास बाळाला धाप लागते. म्हणून 'जन्मताना तर सगळं नॉर्मल सांगितलं होतं' यात कोणाची फसवाफसवी असतेच असं नाही.

'थांबा' म्हणाले तर कधीपर्यंत, ते विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, "दहा किलोची होऊ दे, मग बघू." आम्ही ते मान्य करून घरी आलो. पण जिला दूध ओढायलाच दम पुरत नाही ती दहा किलोची कशी होणार? दुसऱ्या ठिकाणी, लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले की हिचं वय सहा-सात महिने होण्याच्या आसपास छिद्र बंद करायला हवं, वजन कितीही असो.

काही छिद्रं खरोखर आपोआप मिटतात. लहान व्हीएसडीच्या बाबतीत थांबणं हाच योग्य उपचार असतो. एएसडी असेल तर बहुधा दोन-चार वर्षांची होईपर्यंत थांबतात. पण मोठं छिद्र तसंच राहिलं तर वाढलेल्या दाबाने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत जातात. मग एक फसवी गोष्ट घडते. मुलाची धाप कमी होते, सर्दी-खोकला कमी होतो, घरचे म्हणतात 'बघा, देवाने ऐकलं'. प्रत्यक्षात फुप्फुसांनी रक्त घेणं कमी केलेलं असतं, आणि काही वर्षांनी ओठ निळे पडायला लागतात. त्या टप्प्यावर छिद्र बंद करता येत नाही. म्हणून 'थांबा' ऐकलं की तिथेच तीन प्रश्न विचारा: कशाची वाट बघायची? पुढचा इको कोणत्या महिन्यात? काय दिसलं तर त्याआधीच यायचं? उत्तरं फाईलवर डॉक्टरांच्याच हाताने लिहून घ्या.

वही घाला

साधी शंभर पानी वही. रोज तीन नोंदी.

श्वास: बाळ गाढ झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. पण अशा बाळांचा नेहमीचाच श्वास थोडा जास्त असू शकतो, म्हणून आपल्या बाळाचा आकडा माहीत हवा. आमचीचा ५२-५५ असायचा. एका रात्री ७० झाला, बरगड्यांमध्ये खळगे पडायला लागले, आणि आम्ही सकाळची वाट न बघता निघालो. न्यूमोनियाची सुरुवात होती.

दूध: किती वाजता, किती वेळ, मधे कितीदा थांबली, कपाळाला घाम आला का.

वजन: आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने. अंगणवाडीताईंचा काटा चालतो. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढतं. आमची एकदा नऊ दिवसांत साठच ग्रॅम वाढली. ही नोंद दाखवल्यावर डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध आणि दुधाचं गणित बदललं. 'दूध कमी पिते' या वाक्याने जे होत नाही ते वहीतल्या आकड्याने होतं.

दूध पाजणं

घरातली खरी लढाई ही आहे. दूध पिणं म्हणजे या बाळांसाठी जिना चढणं. ती भुकेने तुटून पडतात, दोन मिनिटांत दमतात, डोळा लागतो, आणि अर्ध्या तासात पुन्हा भुकेने रडतात. लोक म्हणतात आईला दूध नाही. दूध असतं, ते ओढायची ताकद बाळात नसते. आणि जे पोटात जातं ते श्वासाच्या धावपळीतच खर्च होतं, अंगी लागत नाही. निरोगी तान्ह्या बाळाला दिवसाला किलोमागे १०० ते ११० कॅलरी लागतात, तर या बाळांना १२० ते १५० लागू शकतात.

काय केलं ते सांगते. दर दोन तासांनी थोडं थोडं. एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास. त्यापुढे ओढत बसली तर मिळण्यापेक्षा खर्च जास्त. म्हणून आधी दहा मिनिटं अंगावर, मग काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. बोंडल्यानेही पाजता येतं, पण त्याची चोच आतून घासून उकळावी लागते आणि धार नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. डोकं उंच, बाळ जवळजवळ बसतं. ढेकर काढायला मधे दोनदा थांबायचं. झोपेतून उठून रडायला लागण्याआधीच, चुळबुळ सुरू झाली की घ्यायचं, कारण रडण्यात सगळी ताकद जाते.

दुधात पाणी घालायचं नाही, 'पचायला हलकं' म्हणूनही नाही. या बाळांना पाणी मोजून आणि ताकद जास्त हवी असते. काढलेल्या दुधात खोबरेल तेल किंवा पावडर मिसळून ते पौष्टिक करतात, पण थेंबांचं प्रमाण डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी सांगावं. आपल्या मनाने केलं तर जुलाब होतात. काही बाळांना नाकातून नळी घालावी लागते. शेजारणीने आमच्या वॉर्डातल्या एका आईला 'एवढ्याशा जिवाला नळी' म्हणून रडवलं होतं. त्या नळीने ते बाळ तीन आठवड्यांत गुटगुटीत दिसायला लागलं.

सहा महिने झाले की वरचं अन्न वेळेवर सुरू करा, आजारी म्हणून लांबवू नका. डाळीचं पाणी, भाताची पेज यांनी नुसतं पोट भरतं. घोटलेली मुगाची खिचडी वर तूप घालून, घट्ट नाचणी सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, शिजलेल्या अंड्याचा बलक. चमचा उभा राहील इतकं घट्ट. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर नकोच.

औषधं

लघवीचं औषध म्हणजे फ्युरोसेमाइड, बरोबर बहुधा आणखी एक-दोन. चमच्याने कधीच मोजू नका. सुई नसलेली सिरिंज घ्या आणि बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते दर वेळी वाचा. कंपनी बदलली की ताकद बदलू शकते, आणि 'सेम आहे' म्हणणाऱ्या दुकानदारालाही ते लक्षात येईलच असं नाही. औषधाची गोळी असेल तर ती पाण्यात कशी विरघळवायची हे नर्सकडून समोर करून बघा. एक डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर यात अजिबात हयगय नको. ते जास्त झालं तर घात करतं. भिंतीवर तक्ता लावा, देणाऱ्याने खूण करायची. आमच्याकडे एकदा आजी आणि बाबा दोघांनीही सकाळचा डोस दिला होता, त्या दिवसापासून तक्ता आला.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर लघवीचं औषध तसंच चालू ठेवायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

बाळ निळं पडत असेल तर

आमच्या शेजारच्या खाटेवर टेट्रॉलॉजीचं बाळ होतं. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली त्यातले चार दोष एकत्र मांडले म्हणून ते नाव. त्याच्या आईकडून जे शिकले ते इथे देते.

आपल्याकडच्या सावळ्या रंगात निळेपणा चटकन दिसत नाही. जीभ, हिरड्या आणि नखं उजेडात बघा. अशा बाळांना अचानक झटका येऊ शकतो: सकाळी उठल्यावर, रडताना, शी करताना. बाळ खूप रडतं, श्वास खोल आणि भराभर होतो, रंग काळानिळा होत जातो, मग अंग सैल पडतं. अशा वेळी बाळाला छातीशी धरून किंवा उताणं ठेवून त्याचे गुडघे दुमडून छातीला टेकवा आणि तसेच दाबून धरा. गोंजारा, शांत करा. गर्दी, पाणी शिंपडणं, कांदा हुंगवणं काही नको. आणि १०८ ला फोन करा. झटका लगेच ओसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचंच. त्यानंतर बहुतेकदा औषध सुरू करतात किंवा ऑपरेशन आधी घेतात.

निळ्या बाळांचं रक्त घट्ट असतं. जुलाब, ताप, विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना यांत अंगातलं पाणी कमी झालं की गुठळी होण्याचा धोका असतो. मोठ्या ऑपरेशनआधी काहींना शंट, म्हणजे फुप्फुसांकडे जास्त रक्त नेणारी छोटी नळी, बसवतात. ही युक्ती १९४४ साली बाल्टिमोरमध्ये पहिल्यांदा एका निळ्या बाळावर केली गेली आणि अजून हजारो मुलं तिच्या आधाराने पुढच्या ऑपरेशनपर्यंत पोहोचतात. शंट असलेल्या बाळाला दोन-तीन जुलाब झाले तरी घरी थांबू नका. हिमोग्लोबिनचंही तसंच: या मुलांना १२ पुरेसं नसू शकतं, म्हणून 'नॉर्मल आहे' हे हृदयाच्या डॉक्टरांनी म्हणू द्या.

बोटाला लावायचा मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाला चुकीचे आकडे दाखवतो. घ्यायचाच असेल तर पायाला गुंडाळायचा लहान मुलांचा घ्या, आणि आपल्या बाळाचा नेहमीचा आकडा किती, किती खाली गेला तर निघायचं, हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. शंट असलेल्या बाळाचा ८० हा नेहमीचा आकडा असू शकतो. तो बघून गावातले डॉक्टर घाबरतील, तेव्हा ते पान दाखवायचं.

लस, दात आणि घरचे रिवाज

हृदयाचा आजार आहे म्हणून लस टाळणं ही मोठी चूक आहे. यांना तर न्यूमोनियाची लस सगळ्यात आधी हवी; ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस दरवर्षी, ती विकत घ्यावी लागते. घरातल्या मोठ्यांनीही घेतली तर उत्तम. ऑपरेशनमध्ये रक्त दिलं असेल तर गोवर-रुबेलाची लस काही महिने पुढे जाते, तारीख विचारून घ्या.

पहिला दात आला की स्वच्छता सुरू. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात. रात्री तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून झोपवू नका, आणि दाताच्या डॉक्टरांना आजार आधी सांगा. काही मुलांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागतं.

बारसं थाटात करा, फक्त बाळाला पन्नास हातांत फिरवू नका. अंघोळीनंतरची ओवा-वावडिंगाची धुरी पूर्ण बंद. आधीच भरलेल्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. गुटीही नको. कान टोचणं ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबू शकतं. पोटावर डाग देण्याचा कोणी सल्ला दिला तर त्या माणसाला बाळाजवळ येऊ देऊ नका. तीट लावा, दृष्ट काढा, त्याने कोणाचं बिघडत नाही आणि आजीच्या मनाला बरं वाटतं.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; हेल्पलाइन १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला भेटा. दुसरा रस्ता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. तो २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक किंवा जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार मिळवून देणारं) केंद्र तुमची फाईल पुढे पाठवतं. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. जन्मदाखला पहिल्याच आठवड्यात काढा, रेशनकार्डावर नाव घाला, आणि प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स ठेवा.

ऑपरेशन आणि नंतरचे सहा आठवडे

तारखेच्या आधी दोन आठवडे पाहुणे बंद. सर्दी झाली तर लपवू नका; तारीख पुढे जाईल पण भूल देताना धोका होणार नाही. शेवटचं दूध कधी ते भूलतज्ज्ञ सांगतील, आईच्या दुधालाही साधारण चार तास मोकळे ठेवावे लागतात. 'थोडंसंच पाजलं' असं करू नका. बाळ आयसीयूत असताना दर तीन तासांनी दूध काढत राहा, नाहीतर नेमकं हवं तेव्हा आटतं.

आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा छातीतून नळ्या, तोंडात नळी, बारीक तारा, सुजलेला चेहरा असेल. आत जाण्याआधी नर्सला विचारा, कोणती नळी कशाची. नाव कळलं की भीती अर्धी होते. पायाला हात लावा, नेहमीच्या आवाजात बोला.

घरी आल्यावर सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उचलणं. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून कोणीही उचलायचं नाही. एक हात मानेखांद्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही उशीवर करून दाखवायचो. या काळात मालिशवाल्या बाईंना सुट्टी. पालथं घालायचंही डॉक्टरांना विचारून. ताप, जखमेतून पाणी, पुन्हा धाप, दूध तोडणं यांपैकी काहीही दिसलं की लगेच फोन. तापाला 'दात येतायत' म्हणायचं नाही. पहिले काही दिवस बाळ चिडचिडं होतं, रात्री दचकून उठतं. आमची पंधरा दिवस मला चिकटून होती, नंतर हळूहळू सुटली.

मग तिला मूल म्हणून वाढवा

वाढीचे टप्पे थोडे उशिरा येतात. आमची मान धरायलाही मागे होती, चालली सोळाव्या महिन्यात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिला पळू द्या. ही मुलं दमली की आपणहून बसतात, आपण मागे 'हळू, हळू' ओरडायची गरज नसते. आम्ही दोन वर्षं तिला रडूच दिलं नाही आणि हट्टी करून ठेवली. ते निस्तरायला पुढचं वर्ष गेलं. छातीवरच्या व्रणाबद्दल 'मुलीची जात, पुढे लग्नात...' असं कोणी तिच्यासमोर बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. ती स्वतः त्याला 'माझी चेन' म्हणते, झिपर या अर्थाने.

दुरुस्ती झाली तरी वर्षातून एकदा इको चुकवू नका. टेट्रॉलॉजीच्या मुलांना मोठेपणी झडपेसाठी पुन्हा उपचार लागू शकतात. पुढचं बाळ हवं असेल तर गर्भारपणाच्या १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

शाळेत नाव घालताना आम्ही बाईंना एक चिठ्ठी दिली, ती तशीच उतरवून घेतलीत तरी चालेल. नावं आणि नंबर तुमचे घाला:

"आमच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन सातव्या महिन्यात झालं आहे. ती सगळे खेळ खेळू शकते. दमून बसली तर बसू द्यावं, उठ म्हणू नये. ओठ निळे दिसले, चक्कर आली किंवा छातीत दुखतं म्हणाली तर १०८ ला आणि मग आम्हाला फोन करावा. दाताला मार लागला, रक्त आलं तर कळवावं. बाकी वर्गात तिला इतरांसारखंच रागवावं."